मदत हवी आहे: हरवलेला भुऱ्या सापडला, पण आता अंगणातही पाय ठेवत नाही (नागपूर)

नमस्कार मंडळी,

आमचा कुत्रा भुऱ्या सापडला. लक्ष्मीपूजनापासून ज्यांनी ज्यांनी त्याचा फोटो ग्रुपवर फिरवला, त्या सगळ्यांचे मनापासून आभार. पण आता पुढचं काही सुचत नाहीये, म्हणून हा धागा.

भुऱ्या गावठी आहे, नर, चार वर्षांचा, नसबंदी झालेली, लसी वेळच्या वेळी. त्रिमूर्तीनगरला आमचं बैठं घर, पुढे लहानसं अंगण आणि लोखंडी फाटक. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पाहुणे आत येत असतानाच गल्लीत कोणीतरी मोठी लड लावली. भुऱ्याने मान मागे ओढून पट्ट्यातून डोकं सोडवलं आणि पाहुण्यांच्या पायांमधून जो सुटला तो थेट रिंग रोडच्या दिशेने. फोन नंबरचा बिल्ला पट्ट्यावरच होता, तो अंगणात पडून राहिला.

आम्ही जयताळ्यापर्यंतचे नाले, मोकळे प्लॉट, बांधकामं सगळं पालथं घातलं. सापडला तो वासुदेवनगरला, मेट्रोच्या पुलाखाली. तिथे तर्री-पोह्याचा ठेला लावणाऱ्या दादांनी पोस्टर पाहून पहाटे फोन केला. "तुमच्या फोटोतला कुत्रा रोज ठेला लावायच्या टायमाला येऊन राहिला, पण जवळ नाही येत." गेलो तर खरंच भुऱ्या! मी हाक मारली, तर शेपूट पोटात घालून मागे सरकला. ओळखलंच नाही त्याने. भाऊ त्याच्याकडे धावणार तेवढ्यात दादांनी त्याचा हात धरला, "धावू नका भाऊ, रोडवर जाईल तो." मग मी त्याच्याकडे पाठ करून खाली बसले, त्याच्या भाताचा डबा उघडला आणि घरी बोलते तशी हळू आवाजात बोलत राहिले. बराच वेळ काहीच नाही. मग कोपराला ओलं नाक लागलं. डबा राहू दिला आणि आधी माझ्या ओढणीचा वास घेतला, अन् एकदम असा रडायला लागला की ठेल्यावरचे लोक हातात प्लेटा धरून बघत राहिले.

ज्यांचं जनावर अजून हरवलेलं आहे त्यांना हात जोडून सांगते, दिसलं की मागे धावू नका, चारी बाजूंनी घेरू नका. घाबरलेला कुत्रा घरच्या माणसापासूनही पळतो. त्या दादांना हे कळत होतं म्हणून भुऱ्या आज घरी आहे.

तब्येतीचं म्हणाल तर कान फाटलाय, दुसऱ्या कुत्र्यांनी चावल्याचा. जखम धुवून औषध लावलं आणि लसीकरण पूर्ण असूनही डॉक्टरांनी रेबीजचा बूस्टर लगेच दिला. कानात आणि बोटांच्या बेचक्यात गोचिड्या होत्या. गोचिडीचा ताप लगेच दिसत नाही, आठवड्या-दोन आठवड्यांनीही चढू शकतो, म्हणून जेवण, ताप आणि हिरड्यांचा रंग यांवर लक्ष ठेवायला सांगितलंय. हे आम्ही करतोय.

खरी काळजी त्याच्या भीतीची आहे. आल्यापासून तो दिवाणाखालून निघत नाही. कुकरची शिट्टी झाली तरी थरथरतो. शी-शूसाठी अंगणात न्यायचं तर फाटक दिसताच चारी पाय रोवून बसतो आणि धाप लागते. आणि तुळशीचं लग्न तोंडावर आलंय! आमच्या घरामागेच लग्नाचा लॉन आहे. एकदा मुहूर्त सुरू झाले की वरात, बँड, डीजे, आतषबाजी रोजचीच. तोपर्यंत हा सावरला नाही तर काय होईल या विचाराने झोप लागत नाही.

डॉक्टर म्हणतात की भीती कमी करणारी गोळी आवाज सुरू व्हायच्या आधी द्यावी लागते, नुसती गुंगीची देऊन उपयोग नाही. अंग ढिलं पडतं, पण भीती तशीच राहते. मला ते पटतं. शेजारचे काका म्हणतात, साखळीने बांधून ठेवा, आपोआप सवय होते. हे मला अजिबात मान्य नाही. पळायला जागाच नसेल तर त्याची भीती वाढेल, कमी कशी होईल? फटाक्यांचं रेकॉर्डिंग अगदी बारीक आवाजात लावून, सोबत खाऊ देत, हळूहळू आवाज वाढवायचा, असा उपाय वाचलाय. पण इतक्या घाबरलेल्या कुत्र्याला ते लगेच सुरू करावं की आधी काही दिवस नुसतं शांत राहू द्यावं? स्वतः करून पाहिलेल्यांनी सांगा. मागच्या खोलीत अंधार करून, गाद्या लावून त्याला एक कोपरा केलाय, पंखा आणि रेडिओ चालू ठेवते. आणखी काय करता येईल?

मायक्रोचिपचंही विचारायचं होतं. तांदळाच्या दाण्याएवढी असते, त्यात १५ अंकी नंबर असतो, पण ती जागा दाखवत नाही. कोणीतरी स्कॅनर फिरवला तरच नंबर कळतो. नागपुरात कोणत्या डॉक्टरांकडे स्कॅनर आहे? सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात चिप बसवून मिळते का? की सरळ जीपीएसचा पट्टा घ्यावा? पट्टा निसटण्याचा अनुभव ताजा आहे, त्यामुळे छातीवरून आणि पोटावरून दोन्हीकडे बांधायचा हार्नेस कोणी वापरत असेल तर नक्की सांगा. भुऱ्याची छाती खोल आणि कंबर बारीक आहे, नेहमीचा हार्नेस मागे सरकून तो सहज काढेल.

फाटकाच्या आत दुसरं जाळीचं दार बसवतोय, म्हणजे एक उघडं असलं तरी दुसरं बंद राहील. खामला, प्रतापनगर, जयताळा भागातला चांगला फॅब्रिकेटर आणि घरी येऊन, मारझोड न करता शिकवणारा ट्रेनर कोणाच्या माहितीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. लग्नं सुरू व्हायच्या आत काम व्हायला हवंय.