सीसीटीव्हीच्या सॉफ्टवेअरमधल्या ‘विंडो’ला मराठीत काय म्हणावं?

आमच्या सोसायटीत ३२ कॅमेरे आहेत आणि रात्रपाळीच्या वॉचमनसाठी मी मराठीत पानभर सूचना लिहायला घेतल्यात. बाकी सगळं जमलं पण स्क्रीनवर ते चौकोन दिसतात ना, कधी ४, कधी ९, कधी १६, त्यांना काय म्हणायचं तिथे अडकलोय. सॉफ्टवेअरवाल्यांचंही एकमत नाही, हिकव्हिजनच्या मेनूत विंडो डिव्हिजन, जेनेटेकमध्ये टाइल, आणि बसवायला येणारी पोरं सरळ स्प्लिट म्हणतात, “सोळा स्प्लिटवर टाका”.

शब्दाचा एवढा काथ्याकूट का, तर मागच्या महिन्यात रात्री दीडला पार्किंगमध्ये कुणीतरी फिरतंय असा फोन आला. मी वॉचमनकाकांना म्हटलं, काका, तिसऱ्या खिडकीत बघा. ते खुर्चीवरून उठले, केबिनभर फिरले आणि म्हणाले, “साहेब, इथं दोनच खिडक्या आहेत.” मग मी म्हटलं चार नंबर मोठा करा, त्यांनी बरोब्बर चौथ्या चौकोनावर डबल क्लिक केलं, पण तिथे दर १० सेकंदांनी गेट, लिफ्ट, गच्ची असं आलटून पालटून चालू होतं आणि पार्किंगचा ४ नंबरचा कॅमेरा होता सातव्या चौकोनात. तोवर तो माणूस निघून गेला. काकांची काहीच चूक नव्हती, शब्द माझा चुकला.

प्रतिसाद १ : गवाक्ष म्हणा की. त्यात अक्ष म्हणजे डोळा आहेच आणि इंग्रजी विंडोचं मूळही जुन्या नॉर्स भाषेत ‘वाऱ्याचा डोळा’ असंच आहे. कॅमेऱ्याला याहून चांगला शब्द कुठला मिळणार?

प्रतिसाद २ : चौकट सोपं नाही का? नाहीतर घर, बुद्धिबळाच्या पटाला ६४ घरं असतात तशी पडद्याला १६ घरं.

प्रतिसाद ३ : अख्खा पडदा ही खिडकी धरली तर एकेक चौकोन म्हणजे तावदान. १६ तावदानांची खिडकी, आजोळच्या घराला होती तशी.

सगळ्यांचे मनापासून आभार. गवाक्षाची व्युत्पत्ती सुंदर आहे पण रात्री दीडला फोनवर तो शब्द चालणार नाही. चौकट मलाही आवडली होती, पण व्हिडिओत फ्रेमलाही आपण चौकटच म्हणतो, सेकंदाला २५ चौकटी, मग घोळ होतो. आणि सोसायटीत “तिसऱ्या घरात बघा” म्हटलं तर काका कुणाची तरी बेल वाजवतील. तावदान मात्र चपखल आहे, मला तो शब्द फार आवडला, फक्त त्यात काच मनात येते आणि काचेत आपण काही ठेवत नाही.

मला पटलेला शब्द आहे खण. कपाटाचा खण सगळ्यांना माहीत असतो, जुनं घरही पाच खणी, सात खणी असं मोजायचे, म्हणजे आकडा त्याला आपसूक जोडला जातो, चार खणी पडदा, सोळा खणी पडदा. आणि मुख्य म्हणजे खण जागेवर राहतो, आतली वस्तू बदलते. इथेही तसंच आहे, डावीकडच्या यादीतून कॅमेरा ओढून खणात टाकायचा, उद्या तिथे दुसरा टाकला तरी खण तोच. खणाचा नंबर वेगळा आणि कॅमेऱ्याचा वेगळा, हेच काकांना कळायला हवं होतं. आलटून पालटून दिसतं त्याला मी फेरी म्हणतोय.

काल रात्री काकांसोबत बसून करून पाहिलं. १६ खणांत चित्र जरा धुरकट असतं, कारण तेव्हा सॉफ्टवेअर हलकी सबस्ट्रीम (कॅमेऱ्याचं कमी स्पष्ट चित्रण) दाखवतं, खण मोठा केला की मेन स्ट्रीम (पूर्ण स्पष्ट चित्रण) येते आणि गाडीचा नंबर वाचता येतो. काका म्हणाले, अच्छा, म्हणून आधी अंधुक दिसतं होय. सॉफ्टवेअरमधून फोटो काढताना ज्या खणाला रंगीत कड असते त्याचाच फोटो निघतो हेही त्यांनी दोनदा करून बघितलं.

तर सूचनेतली ओळ आता अशी केलीये : “खणात फेरी चालू असेल तर आधी फेरी थांबवा, खणाच्या कोपऱ्यात कॅमेऱ्याचं नाव वाचा, मग डबल क्लिक करून खण मोठा करा.” यात कुठे अडखळायला होत असेल तर सांगा, रविवारी लॅमिनेशनला देतोय.