गोल्डफिश आणि सिल्व्हर डॉलर टाकीतली झाडं फस्त करतात, काय करू?

म्हापशाची_माई:
तीन फुटी टाकी आहे. दोन गोल्डफिश, चार सिल्व्हर डॉलर. शुक्रवारच्या बाजाराला गेले होते तेव्हा कॅबोम्बाच्या जुड्या आणून रोवल्या. सकाळी बघते तर नुसत्या काड्या उभ्या, आणि फिल्टरच्या तोंडाशी पानांचा चोथा. आधीचं हायग्रोफिलाही असंच गेलं. दुकानदार म्हणतो, "खाणं कमी करा, माज उतरेल." दाणे मी दिवसातून एकदाच देते. लेकीला खरीच झाडं हवीत. मासे न काढता काही जमेल?

खाडीकाठ:
प्लास्टिकची लावा नि मोकळ्या व्हा. अधूनमधून ब्रशने घासली की झालं.

फोंड्याचा_काका:
माई, खाणं कमी केलंत तर उरलेल्या काड्याही जातील. गोल्डफिशला जठरच नसतं. खाल्लेलं सरळ आतड्यात जातं, म्हणून ते दिवसभर काही ना काही हुंगत, उकरत फिरतात. आणि सिल्व्हर डॉलर पिरान्हाच्या कुळातला असला तरी मुख्यतः पाल्यावर जगतो. कॅबोम्बा म्हणजे त्याच्यापुढे वाढलेलं पानच की! त्याचा विकणाऱ्याने आधी विचार करायला हवा होता, पण ते असो.

एकदम दाणे टाकण्यापेक्षा तेवढेच दोन-तीनदा थोडे थोडे द्या. शिवाय रोज हिरवं काहीतरी. पालकाचं पान मिनिटभर उकळत्या पाण्यात धरायचं, मीठ न घालता, आणि गार करून दगडाखाली दाबून ठेवायचं. काकडीची चकती चालते. वाटाणा उकडून, साल काढून. संध्याकाळी उरलेलं उचला, नाहीतर पाणी नासतं.

आता झाडं. अनुबियास आणि जावा फर्न घ्या. पानं चामड्यासारखी जाड, माशांना सहसा आवडत नाहीत. कोवळं पान एखाद वेळेस कुरतडलं तर हरकत नाही. पण ही वाळूत पुरू नका. ज्या आडव्या खोडातून पानं फुटतात ते पुरलं की कुजतं. शिवायच्या दोऱ्याने दगडाला किंवा लाकडाला बांधा, मुळं हळूहळू आपोआप धरतात. गोल्डफिशला उपटताही येत नाही, हा दुसरा फायदा. वॅलिसनेरिया मुळं धरली तर गोल्डफिशपुढे तगते, सिल्व्हर डॉलरची मात्र खात्री देत नाही.

डिचोलीचं_तळं:
काकांना अनुमोदन. एक भर घालतो. नवीन झाडाची पानं पारदर्शक होऊन गळत असतील तर दोष माशांचा नाही. नर्सरीत बरीच झाडं पाण्याबाहेर वाढवतात, बुडवली की जुनी पानं विरघळतात. नवी येऊ द्यायची.
आणि बादलीत डकवीड वाढवा, गोल्डफिश अगदी चाटून पुसून खातात. पावसात शेततळ्यावर तरंगतं ते हेच, पण खतं-औषधं मारलेल्या शेतातलं नको.
हे मासे कंटाळवाणे वाटले तर कालुंदर, म्हणजे आपला खाडीतला खायचा मासा, पाळा असं कोणी सुचवेल. ऐकू नका, तोही शेवाळ आणि झाडं खाणाराच. तो ताटातच बरा.

म्हापशाची_माई:
बाब, दगड कोणता? अंगणात चिऱ्याचे तुकडे पडलेत.

फोंड्याचा_काका:
चिरा नको, झिजून पाणी लाल करतो. नदीतला काळा गुळगुळीत गोटा घ्या, घासून धुऊन. समुद्रावरचे शंख-शिंपलेही टाकू नका, पाणी जड होतं. आणि गोल्डफिशला गारवा लागतो, मे महिन्यात टाकी खिडकीजवळून हलवा.

म्हापशाची_माई:
पालक आताच ठेवला. मोठा डॉलर पान तोंडात धरून टाकीभर पळतोय, बाकीचे त्याच्या मागे. काड्यांकडे कोणी बघत नाही अजून. अनुबियास पुढच्या शुक्रवारी आणते.