मदत फक्त कौतुकासाठी?

कुणीतरी लिहिलंय, अनोळखी माणसाला लोक ऑनलाइन मदत करतात ती कौतुकासाठी. मला अर्धंच पटतं. सोलापुरात पूर्व भागात आमचा चादरीचा कारखाना आहे. मागच्या वर्षी जेकार्डवर, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेवर, नक्षी चुकायला लागली, म्हणून यंत्रमागवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री साडेअकराला व्हिडिओ टाकला. एका निवृत्त जॉबरकाकांनी (जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा कारागीर) नुसत्या आवाजावरून दोष ओळखला आणि माग सुरळीत होईपर्यंत फोनवर थांबले. आभार मानले तर म्हणाले, "हे हातातलं कसब माझ्याबरोबर जायला नको रे." ती ओढ मला फार खरी वाटते. मराठी विकिपीडियाही २००३पासून अशाच बिनपगारी हातांनी उभा राहिलाय, आणि तिथे तर लेखाखाली लिहिणाऱ्याचं नावसुद्धा नसतं.