तपासणीचे एसएमएस पोचतात, माणसं येत नाहीत

प्रश्न: वस्तीत एचआयव्ही आणि शुगर तपासणीसाठी एसएमएस पाठवतो. प्रतिसाद जवळपास नाही. मजकुरात काय बदलावं?

उत्तर १: आधी अक्षरं मोजा. देवनागरी एसएमएसमध्ये ७० मावतात. काना, मात्रा, हलन्त, मोकळी जागा सगळं धरून. त्यापुढे ६७-६७चे तुकडे पडतात आणि पैसे प्रत्येक तुकड्याचे लागतात. ‘उद्या सकाळी ९ ते १२ मोफत तपासणी, दवाखाना खोली ४. यायचं? १ पाठवा’ हे ६३ भरतं. उत्तराला पैसे पडत असतील तर मिस्ड कॉल ठेवा.

उत्तर २: एचआयव्ही हा शब्द संदेशात नकोच! एकच फोन घरात चौघं हाताळतात. आजाराचं नाव पडद्यावर झळकलं की तो माणूस पुन्हा फिरकत नाही. नंबर घेतानाच संमती घ्या, फोन कोणाकडे असतो तेही विचारा. निकाल एसएमएसने कधीही कळवू नका.

उत्तर ३: उपाशीपोटी शुगरची आठवण आदल्या संध्याकाळीच जायला हवी, कारण ८ तास पाण्याशिवाय काही चालत नाही. सकाळचा संदेश नाश्ता झाल्यावर वाचला जातो आणि फेरी फुकट जाते. वाचता येत नसेल तर रेकॉर्ड केलेला कॉल करा, बोली त्यांचीच.