बाय अँड लार्ज : यातला ‘लार्ज’ म्हणजे मोठा नव्हे

इंग्रजीत ‘एकंदरीत’ या अर्थाने वापरल्या जाणाऱ्या ‘बाय अँड लार्ज’मधला (by and large) ‘लार्ज’ म्हणजे ‘मोठ्या प्रमाणात’ असा अर्थ कुणीकुणी लावतात. आजच्या वापराकडे पाहून तसं वाटणं साहजिक आहे, पण हा शब्द शिडांच्या जहाजांवरचा आहे.

तिथे ‘लार्ज’ म्हणजे वारा मागून किंवा मागच्या बाजूने तिरका, शिडं टम्म फुगलेली. खलाशांचं काम सोपं. उलट ‘बाय द विंड’ म्हणजे वारा येतोय त्या दिशेला होता होईल तेवढं जवळ नाक धरून चालणं. चौकोनी शिडांचं जहाज वाऱ्याच्या दिशेशी साधारण ६५-७० अंशांपेक्षा कमी कोन करून चालू शकत नाही. सुकाणूवाल्याने जरा जास्त हाव धरली की वारा शिडांच्या पुढच्या अंगावर आदळतो, शिडं डोलकाठीवर चिकटतात आणि जहाज जागीच अडतं. ‘टेकन अबॅक’ (अचानक चकित होणं) हा प्रयोग याच फजितीतून आला!

म्हणजे जे जहाज ‘बाय’ आणि ‘लार्ज’ दोन्हींत नीट चालतं, ते कुठल्याही वाऱ्यात चालतं. सतराव्या शतकातल्या इंग्रजी नौकानयनाच्या पुस्तकात हा जोडशब्द याच अर्थाने सापडतो. ‘सगळ्या परिस्थितींत’वरून तो पुढे ‘एकंदरीत’वर घसरला.

मराठीत ‘ढोबळमानाने’ चपखल बसतं. तरी आमच्या ऑफिसातल्या मीटिंगमध्ये दर तिसरं वाक्य ‘बाय अँड लार्ज’नेच सुरू होतं, आणि बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांनी होडीतही पाय ठेवलेला नसतो.