मुलांनी आपली प्रगती स्वतः कशी नोंदवावी?

प्रश्न:
मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. आकारिक मूल्यमापनाच्या (वर्षभर शिकवता शिकवता होणाऱ्या मूल्यमापनाच्या) वर्णनात्मक नोंदी मी नियमित करते. परंतु त्या माझ्या नोंदवहीतच राहतात आणि आपण नेमके कोठे अडतो, हे मुलांना सत्राअखेर श्रेणी हाती पडेपर्यंत उमगत नाही. मुलांना स्वतःचे ध्येय लिहायला सांगितले, तर बहुतेकांनी ‘मी खूप अभ्यास करीन’ एवढेच लिहिले. याला नेमकेपणा कसा आणावा?

प्रतिसाद १:
बाई, अध्ययन निष्पत्तीची, म्हणजे मुलाला शिकून काय यायला हवे हे सांगणारी, भाषा शिक्षकांसाठी असते; मुलाचे ध्येय त्याच्या वहीतल्या चुकीतूनच निघायला हवे. ८३२ ला ८ ने भागताना अनेक मुले १०४ ऐवजी १४ लिहितात. अशा मुलाचे पंधरा दिवसांचे ध्येय ‘भागाकार सुधारणे’ असे न ठेवता ‘मधले शून्य न विसरणे आणि प्रत्येक उत्तराचा ताळा करणे’ असे ठेवावे. १४ गुणिले ८ म्हणजे ११२ आले, की चूक त्याची त्यालाच दिसते, तुमच्या लाल शेऱ्याची वाट पाहावी लागत नाही. वहीच्या शेवटच्या पानावर तारीख, सोडवलेली उदाहरणे, बरोबर आलेली उदाहरणे आणि ‘कोठे चुकलो’ एवढे चार रकाने पुरतात.

प्रतिसाद २:
वाचनाच्या बाबतीत मात्र जपावे. पायाभूत वाचन-लेखन आणि गणितासाठीच्या केंद्राच्या ‘निपुण भारत’ अभियानामध्ये तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचणे अपेक्षित आहे, पण नोंद केवळ शब्दसंख्येची ठेवली, तर मुले पूर्णविरामही न पाहता धावत सुटतात आणि ‘समजून’ हा भाग गळतो. म्हणून शब्दसंख्येशेजारी ‘काय वाचले’ हे एका वाक्यात लिहून घ्यावे. या नोंदींचे तक्ते भिंतीवर लावू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण मग मूल कालच्या स्वतःकडे न पाहता शेजाऱ्याचा आकडा पाहू लागते.

प्रतिसाद ३:
दोन शिक्षकी शाळेत आणखी एक नोंदवही कोण सांभाळणार, अशी शंका कोणी घेतली, तर ती रास्तच आहे (कागदांना आपण सगळेच विटलो आहोत). पण वही मुलांनी सांभाळायची आहे. आपण रोज चार-पाच जणांशी दोन मिनिटे बोललो, तरी आठवड्याभरात बहुतेक वर्ग होतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातील समग्र प्रगतीपत्रकात विद्यार्थ्याचे स्वयंमूल्यमापन अंतर्भूत आहेच, तेथे याच नोंदी उपयोगी पडतील. फक्त हसरे-रडके चेहरे रंगवून घेऊ नयेत. बाईंना आवडेल म्हणून मुले सगळेच चेहरे हसरे करतात. त्याऐवजी ‘मला हे जमते’ या वाक्यापुढे ते ज्या पानावर दिसते, त्याचा क्रमांक लिहायला सांगावा.