जपानमध्ये मोटार चालवण्यासाठी आपला परवाना पुरेसा आहे का?

रावपुरेकर (वडोदरा):
एप्रिलमध्ये आम्ही दोघे मुलीकडे ओसाकाला जात आहोत आणि तिथून भाड्याच्या मोटारीने शिकोकू बेट पाहावे, असे मनात आहे. माझा गुजरातचा परवाना इंग्रजीत आहे. तेवढा दाखवून भागेल का?

दांडियाबाजारकर:
काका, भागणार नाही. जपान १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार दिलेलाच आंतरराष्ट्रीय परवाना मानतो, आणि भारत त्या करारात असल्याने आपल्या आरटीओची पुस्तिका तिथे चालते. तिची मुदत एक वर्षाची असते. मूळ परवानाही जवळ ठेवा, कारण नुसत्या पुस्तिकेला अर्थ नाही. माझ्या परवान्यावर आडनाव आधी आणि पासपोर्टवर शेवटी होते, त्यामुळे काउंटरवरची मुलगी दोन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर बोटाने ताडून पाहत राहिली आणि आमची वीस मिनिटे गेली; तेव्हा अर्ज भरतानाच नावाचा क्रम पासपोर्टशी जुळवून घ्या.

अलकापुरीची वहिनी:
वाहतूक आपल्यासारखी डावीकडूनच असल्याने हात लवकर बसतो. मात्र रेल्वे फाटक उघडे असले तरी त्यापुढे गाडी पूर्ण थांबवावीच लागते, आणि उलट्या लाल त्रिकोणाची पाटी म्हणजेही थांबाच. नुसता वेग कमी केलेला चालत नाही. मद्य घेतलेल्याच्या शेजारी जाणूनबुजून बसणाऱ्यालाही तिथे शिक्षा होते, हे काकूंनाही सांगून ठेवा.

रावपुरेकर:
दोघांचेही मनापासून आभार. सोमवारीच आरटीओत जातो.